वटवाघळांचं घर: एका चुकीच्या गृहीतकाची गोष्ट

परसात टांगायचं वटवाघळांचं घर ही वस्तू आता ऑनलाइन विकत मिळते. दिसायला साधीच. दोन-अडीच फूट उंचीची चपटी लाकडी पेटी, खालून उघडी, आत दोन-तीन फळ्या उभ्या बसवलेल्या. वस्तूच्या वर्णनात एक वाक्य मात्र हमखास सापडतं: एक वटवाघूळ तासाला सहाशे डास खातं. कधी हा आकडा हजारावर जातो, कधी बाराशेवर. पेटी टांगा, डास विसरा.

या वाक्याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्यात एक हट्टी डॉक्टर आहे, एक बँड आहे, कायमचा रिकामा राहिलेला एक मनोरा आहे आणि एक पूल आहे. पूल बांधणाऱ्यांच्या मनात वटवाघळं कधीच नव्हती, तरी तिथे लाखोंनी राहायला आली. सॉफ्टवेअरच्या धंद्यात 'वापरणाऱ्याला विचारलंत का?' हा प्रश्न आम्हाला रोज ऐकावा लागतो. इथे वापरणारा बोलत नाही, उलटा लटकतो आणि घर आवडलं नाही तर तक्रार न करता निघून जातो. त्यामुळे त्याला काय हवं आहे हे कळायला माणसांची ऐंशी-नव्वद वर्षं गेली.

मलेरिया आणि एक कल्पना

२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉसला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी दिसला. हा ताप घाणेरड्या हवेने येत नाही, डासामुळे येतो, हे पुढच्या काही वर्षांत जगाला पटलं. १९०२ साली रॉसला नोबेल मिळालं.

साधारण त्याच सुमारास अमेरिकेत टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो शहरात डॉ. चार्ल्स कॅम्पबेल नावाचा डॉक्टर पुढचा प्रश्न विचारत होता. डास हा शत्रू असेल, तर डासाचा शत्रू कोण? तेव्हा डीडीटी नव्हतं. उपाय दोनच: डबकी बुजवायची, नाहीतर पाण्यावर रॉकेल ओतायचं. कॅम्पबेलने आकाशाकडे बघितलं. टेक्सासच्या त्या भागात गुहांमधून संध्याकाळी वटवाघळांचे लोट धुरासारखे बाहेर पडतात. वटवाघळं रात्री उडतात, डासही रात्री उडतात. ती वटवाघळं शहराजवळ, हव्या त्या ठिकाणी राहायला आली तर?

कल्पना तर्काला धरून होती. त्या काळात ती कुणालाही पटली असती.

सुरुवातीला त्याने छोट्या पेट्या करून पाहिल्या. एकही वटवाघूळ आलं नाही. पेट्या लहान पडत असाव्यात असं मानून १९०७ साली त्याने शहराजवळच्या सरकारी प्रायोगिक शेतावर ५०० डॉलर खर्चून लाकडी मनोराच उभारला. त्या काळी ही रक्कम थोडी नव्हती. आत वटवाघळांना लटकायला फळ्या केल्या. ओळखीचा वास यावा म्हणून वटवाघळांच्या विष्ठेत भिजवलेलं कापड लावलं. वटवाघळांना खारवलेलं मांस आवडतं असा युरोपात एक जुना समज होता, म्हणून मनोऱ्यात चक्क तीन हॅम टांगले. लचका तोडणं सोपं जावं म्हणून प्रत्येकाची एक चकती आधीच कापून ठेवली होती.

मनोऱ्यात राहायला आल्या त्या चिमण्या.

बाहेरून वटवाघळं पकडून आणून आत सोडली, तरी ती टिकली नाहीत. शेवटी मनोरा पाडावा लागला.

पहाटेचा बँड

कॅम्पबेल इथे थांबला असता, तर त्याचं नाव आज कुणालाच माहीत नसतं. तो वटवाघळं राहतात तिथे गेला. टेक्सासच्या गुहांमध्ये त्याने कितीतरी दिवस काढले. वटवाघळं कुठे लटकतात, किती वाजता निघतात, कधी परततात, आत हवा कशी असते, हे तो नुसता बघत बसला.

१९११ साली त्याने दुसरा मनोरा बांधला, शहराच्या दक्षिणेला मिचेल्स लेक या तळ्याकाठी. शहराचं सांडपाणी या तळ्यात येत असे आणि तिथे डासांचा सुकाळ होता. मनोरा उंच खांबांवर उभा होता. भिंती उतरत्या, आत तिरक्या फळ्यांची गर्दी, खाली पडणारी विष्ठा गोळा करायची सोय आणि ती भरून न्यायला मनोऱ्याखाली गाडी लावता येईल इतकी जागा. विष्ठा म्हणजे उत्तम खत आणि खत म्हणजे पैसे, हे गणित त्याच्या डोक्यात पहिल्यापासून पक्कं होतं.

या वेळी वटवाघळं आली. पण संख्या त्याला पुरेशी वाटेना. जवळच्या एका ओसाड घरात वटवाघळांची आणखी एक वसाहत होती. त्यांना मारायचं नव्हतं, फक्त तिथून उठवायचं होतं. वटवाघळांचे कान फार तिखट असतात हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्याने ग्रामोफोन नेला, पितळी वाद्यांच्या बँडची एक तबकडी लावली आणि पहाटे वटवाघळं घरी परतायच्या वेळेला ती वाजवायला सुरुवात केली. त्या कर्कश सुरांनी बेजार होऊन वटवाघळांनी ते घर सोडलं आणि ती आपल्या मनोऱ्यात आली, असं कॅम्पबेलने लिहून ठेवलं आहे.

इथून पुढे त्याचे दिवस फिरले. १९१४ साली सॅन अँटोनियो शहराने वटवाघळं मारायला बंदी करणारा ठराव केला. १९१७ साली टेक्सास राज्याने तसा कायदाच केला. ज्या प्राण्याला बघून लोक झाडू उचलायचे, त्याला कायद्याचं संरक्षण मिळालं. टेक्सासच्या विधिमंडळाने कॅम्पबेलची नोबेलसाठी शिफारस केली. १९१८ साली सॅन अँटोनियोचे माजी महापौर अल्बर्ट स्टीव्ह्ज यांनी कम्फर्ट या गावी आपल्या जमिनीवर असाच मनोरा बांधून घेतला. तो अजून उभा आहे आणि त्यात अजून वटवाघळं राहतात. १९२५ साली कॅम्पबेलचं पुस्तक आलं: 'बॅट्स, मॉस्किटोज अँड डॉलर्स'. वटवाघळं, डास आणि डॉलर. त्याचा सगळा सिद्धांत या तीन शब्दांत मावतो.

विष्ठेने दिलेली साक्ष

अडचण मधल्या शब्दात होती.

पुस्तकानंतर वर्षभरातच, १९२६ साली, ट्रेसी स्टोरर या प्राणिशास्त्रज्ञाचा लेख 'जर्नल ऑफ मॅमॅलॉजी' या नियतकालिकात आला. मनोऱ्यातली वटवाघळं नेमकं काय खातात, हे विष्ठा तपासली की कळतं. कीटकांचे पंख, पाय, खवले पूर्ण पचत नाहीत. ज्या विष्ठेतून कॅम्पबेल डॉलर मोजत होता, तिच्यातच उत्तर होतं. त्यात मुख्यतः पतंग होते. डास जवळजवळ नव्हतेच.

कारण समजायला अवघड नाही. टेक्सासच्या त्या मनोऱ्यांत राहणारं वटवाघूळ म्हणजे मेक्सिकन फ्री-टेल्ड बॅट. लांब, निमुळत्या पंखांचं, वेगाने आणि उंच उडणारं. ते जमिनीपासून शेकडो मीटर वर जाऊन पतंगांचे थवे गाठतं. डास असतात खाली, गवतात, झुडपांत, माणसांच्या पायांशी. शिवाय डासाचं वजन दोन-तीन मिलिग्रॅम. लठ्ठ पतंग समोर असताना डासामागे पळणं हा तोट्याचा सौदा आहे. दोघंही रात्री उडतात, पण वेगवेगळ्या मजल्यांवर.

त्याच दशकात फ्लोरिडाच्या टोकाला शुगरलोफ की नावाच्या बेटावर रिक्टर पर्की या माणसाला मासेमारीच्या शौकिनांसाठी विश्रामधाम चालवायचं होतं. डास पाहुण्यांना टिकू देत नव्हते. पर्कीने कॅम्पबेलकडून मनोऱ्याचे आराखडे विकत घेतले आणि १९२९ साली तीस फूट उंच मनोरा बांधला. आत वटवाघळांना भुलवणारं आमिषही ठेवलं. एकही वटवाघूळ राहिलं नाही. तो रिकामा मनोरा पुढे ऐतिहासिक वास्तू ठरला, पर्यटक त्याच्यासमोर फोटो काढू लागले. सप्टेंबर २०१७मध्ये इर्मा चक्रीवादळाने तो आडवा केला. जवळजवळ नव्वद वर्षं उभा होता, भाडेकरूशिवाय.

अमेरिकेतला मलेरिया शेवटी वटवाघळांनी घालवला नाही. दलदली उपसणं, खिडक्यांना जाळ्या, आणि १९४७ नंतर घराघरांत डीडीटीची फवारणी, या मार्गाने तो १९५१ सालापर्यंत संपला. कॅम्पबेलचं नाव मागे पडलं.

मग तासाला सहाशे डास कुठून आले? १९६० साली डोनाल्ड ग्रिफिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वटवाघळं प्रतिध्वनीवरून कीटक कसे पकडतात हे त्यांना पाहायचं होतं. बंद खोलीत डास सोडले, भुकेली वटवाघळं सोडली आणि मोजलं. मिनिटाला साधारण दहा डास पकडण्याइतका वेग भरला. दहा गुणिले साठ, सहाशे. प्रयोग चोख होता. पण बंद खोलीतला कमाल वेग म्हणजे मोकळ्या आभाळातली रोजची सवय नव्हे. लॅपटॉपच्या खोक्यावर छापलेली बॅटरी आणि घरी टिकणारी बॅटरी यांतला फरक आपल्याला कळतो. इथे तो कुणी विचारला नाही, कारण आकडा सोयीचा होता.

पुलाच्या फटी

१९८० साली टेक्सासच्याच ऑस्टिन शहरात काँग्रेस अव्हेन्यूवरच्या पुलाचं नूतनीकरण झालं. नव्या रचनेत पुलाच्या खालच्या बाजूला तुळयांमध्ये लांबलचक फटी राहिल्या. रुंदी पाऊण ते एक इंच, खोली दीड फुटाच्या आसपास. ही फट स्थापत्य अभियंत्यांच्या हिशेबातली होती, प्राण्यांच्या नव्हे. पण फ्री-टेल्ड वटवाघळांना ती इतकी पसंत पडली की ती लाखोंनी तिथे राहायला आली.

शहर घाबरलं. रेबीजच्या बातम्या छापून आल्या, वसाहत नष्ट करा अशी मागणी झाली. मर्लिन टटल या संशोधकाने १९८२ साली 'बॅट कन्झर्व्हेशन इंटरनॅशनल' ही संस्था सुरू केली होती. १९८६ साली त्याने संस्थेचं बिऱ्हाड ऑस्टिनला हलवलं आणि लोकांशी बोलायला सुरुवात केली. वटवाघळाला हात लावू नका, बाकी घाबरायचं कारण नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. आज उन्हाळ्यात त्या पुलाखाली सुमारे पंधरा लाख वटवाघळं असतात. संध्याकाळी ती निघतात तेव्हा पुलावर आणि नदीत बोटींवर माणसांची गर्दी होते.

कॅम्पबेल वर्षानुवर्षं जे शोधत होता, ते या पुलाने नकळत दाखवून दिलं. घराला आमिष लागत नाही. लागते ती योग्य रुंदीची फट.

१९९३ साली टटलच्या संस्थेने परसातल्या पेट्यांसाठी एक पुस्तिका काढली आणि त्याच सुमारास अमेरिकाभरच्या हौशी लोकांकडून नोंदी गोळा करायला सुरुवात केली. कुणाच्या पेटीत वटवाघळं आली, कुणाच्या नाही, पेटी कुठे होती, ऊन किती, रंग कोणता. यातून जी उत्तरं आली ती थोडक्यात अशी:

फट पाऊण ते एक इंच. दोन्ही बाजूंनी अंग टेकलं की वटवाघळाला सुरक्षित वाटतं आणि शिकारी प्राण्याला आत शिरता येत नाही. फळ्यांना आतून आडव्या खाचा, म्हणजे नखं रुततात. पेटीखाली तीन ते सहा इंचांची खरखरीत फळी, उतरायला. उंची निदान दोन फूट. सांधे बंद, म्हणजे ऊब टिकते. पण उष्ण भागात खालच्या तिसऱ्या हिश्शात हवेसाठी बारीक चीर. पेटी जमिनीपासून बारा ते वीस फुटांवर, खांबाला किंवा भिंतीला. झाडावर शक्यतो नको, कारण फांद्यांची सावली पडते, उडायला मोकळी जागा राहत नाही आणि साप, मांजर सहज चढतात. जवळ पाणी असलं तर उत्तम.

सगळ्यात महत्त्वाचं तापमान. वटवाघळाची मादी बहुधा वर्षाला एकच पिल्लू देते. पिल्लू वाढवायला ऊब हवी. २७ ते ३८ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात पेटी राहिली तर वसाहत टिकते. म्हणून थंड प्रदेशात पेटीला गडद रंग देतात, उष्ण प्रदेशात फिका. चाळीसच्या पुढे पारा गेला की तीच पेटी पिल्लांसाठी भट्टी होते. गेल्या काही वर्षांत तापलेल्या पेट्यांचा हा धोका संशोधक बजावून सांगू लागले आहेत. चुकीच्या जागी टांगलेलं घर, घर नसण्यापेक्षा वाईट ठरू शकतं.

डॉलर खरे निघाले

आता गंमत बघा. कॅम्पबेलच्या तीन शब्दांपैकी 'डास' डळमळला, पण 'डॉलर' टिकला, फक्त वेगळ्या खात्यात.

२००६ साली सॅन अँटोनियोच्याच परिसरातल्या आठ काउंटींमधल्या कापसाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ही वटवाघळं जे पतंग खातात, त्यांत कपाशीच्या बोंडांवर पडणाऱ्या अळीचे पतंग मोठ्या संख्येने असतात. वटवाघळांमुळे तिथल्या कापूस उत्पादकांचे वर्षाला सरासरी सात लाख डॉलरहून जास्त वाचतात, असा अंदाज निघाला. ही अळी हेलिकोव्हर्पा कुळातली. आपल्याकडे हरभऱ्यावर पडणारी घाटे अळी याच कुळातली, तिची चुलत बहीण म्हणा.

डासांचाही निकाल पूर्ण एकतर्फी राहिला नाही. वटवाघळांच्या सगळ्या जातींची थाळी सारखी नसते. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, जंगलात खाली उडणारी वटवाघळं मोठ्या जाळीदार पिंजऱ्यात आली तेव्हा तिथे डासांनी घातलेली अंडी ३२ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे काही वटवाघळं डास खातात, काही जवळजवळ खात नाहीत, आणि एका पेटीने गाव डासमुक्त होत नाही. हे वाक्य जाहिरातीत शोभणार नाही, पण खरं आहे.

सगळ्यात अस्वस्थ करणारा पुरावा २०२४ साली आला. २००६ सालापासून अमेरिकेत 'व्हाइट-नोज सिंड्रोम' नावाच्या बुरशीच्या रोगाने लाखो वटवाघळं मेली. इयाल फ्रँक या अर्थशास्त्रज्ञाने रोग पोचलेल्या आणि न पोचलेल्या काउंटींची तुलना केली. जिथे वटवाघळं मेली, तिथे शेतकऱ्यांचा कीटकनाशकांचा वापर सुमारे ३१ टक्क्यांनी वाढला. आणि तिथेच अर्भकमृत्यूंचं प्रमाण सुमारे ८ टक्क्यांनी वाढलं.

कॅम्पबेल डॉक्टर होता. त्याला माणसं वाचवायची होती. वटवाघळं माणसं वाचवतात हा त्याचा निष्कर्ष बरोबर होता, त्याने दाखवलेला रस्ता चुकीचा होता. बरोबर रस्ता सापडायला शंभराहून जास्त वर्षं आणि लाखो मेलेली वटवाघळं लागली.

आपल्याकडे

वटवाघूळ घरात शिरलं की अशुभ, ते केसांत अडकतं, ही वाक्यं आपल्याला पाठ असतात. ती नुसती आजीच्या तोंडी नव्हती, कायद्यातही होती. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात फळं खाणारी वटवाघळं उंदीर आणि कावळ्यांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. कुणीही मारावीत, शिक्षा नाही. टेक्सासने १९१७ साली वटवाघळांना संरक्षण दिलं, आपण ती यादी कायद्यातून काढली २०२२च्या दुरुस्तीने. मधल्या काळात कोविड आला. २०२१ साली महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांमध्ये निपाह विषाणूचा माग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेला लागला, तेव्हा बातम्यांचा सूर काय होता ते आठवून बघा. शास्त्रज्ञांचं म्हणणं एवढंच की गुहेत शिरू नका, वटवाघळांना हात लावू नका, त्यांनी उष्टावलेलं फळ खाऊ नका. 'मारून टाका' असं त्यात कुठेही नाही. उलट हाकललेली, बिथरलेली वटवाघळं आणखी विखुरतात.

मग आपणही पेटी टांगावी का? टांगायची तर आधी दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, वडा-पिंपळावर लटकणारी मोठी फलाहारी वटवाघळं पेटीत कधीच राहणार नाहीत. पेटी ही जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या भेगांत राहणाऱ्या लहान, कीटक खाणाऱ्या पाकोळ्यांसाठी. दोन, अमेरिकेतला 'भरपूर ऊन' हा नियम विदर्भातल्या मे महिन्यात लावला, तर आत पिल्लं शिजतील. आपल्याकडे सकाळचं ऊन आणि दुपारची सावली बघावी लागेल, पेटीत तापमापक ठेवून नोंदी कराव्या लागतील. अशा नोंदी आपल्या हवामानात जितक्या होतील तितक्या थोड्याच.

कंबोडियातल्या शेतकऱ्यांनी तर पेटीही टाळली. ते ताडाच्या वाळलेल्या झावळ्यांच्या जुड्या उंच झाडाला बांधतात. त्या झावळ्यांत छोटी पिवळी वटवाघळं राहायला येतात. खाली जाळं पसरलेलं असतं, त्यात विष्ठा पडते आणि ती खत म्हणून विकली जाते. कॅम्पबेलचं डॉलरचं गणित तिथे मनोऱ्याशिवाय, हॅमशिवाय आणि बँडशिवाय सुटलं आहे. झावळ्या जुन्या झाल्या की बदलायच्या, एवढंच.

आणि ज्यांना काहीच बांधायचं नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. जुन्या वाड्याची दुरुस्ती करताना भेगा सिमेंटने भरण्याआधी आत कुणी आहे का ते बघायचं. संध्याकाळी दिवेलागणीला दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. असतील, तर पिल्लं उडती होईपर्यंत थांबायचं. रस्तारुंदीकरणात वड जाणार असेल, तर त्यावर किती वटवाघळं लटकतात हे मोजून लेखी हरकत नोंदवायची. नावात ज्याच्या वड ऐकू येतो, त्याचं घर वाचवायला आराखडे विकत घ्यावे लागत नाहीत.